खडताल, संबळ आणि खापरपणजोबा

मित्राचं लग्न जोधपूरला होतं. मुलगी राठोड राजपूत, मुलगा आपला साताऱ्याचा, दोघं पुण्यात एकाच ऑफिसात, त्यामुळे जमलं कसं यात काही थ्रिल नाही. थ्रिल होतं ते दोन्हीकडच्या बायकांनी फोनवर बसून विधींची जी यादी केली त्यात. आधी नवरदेवाने घोड्यावरून तोरण मारायचं, मग अंतरपाट, मंगलाष्टकं, मग फेरे, आणि हे सगळं रात्री, म्हणजे आमच्याकडची साडेआठला जेवून मोकळी होणारी मंडळी जांभया देत कशीबशी तग धरून.

संगीतच्या रात्री डीजे होताच. त्याला लग्न कोणाचं आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो तीच पंधरा गाणी उद्या दुसऱ्या हॉलवर लावणार. पण लग्नाच्या दिवशी मांगणियार आले आणि आम्हाला वाटलं चला, आता लोकसंगीताचा प्रोग्रॅम. आमच्यातल्या दोघातिघांनी तर लगेच ते सगळ्यांना माहीत असलेलं एकच राजस्थानी गाणं फर्माईश म्हणून सांगूनही टाकलं. त्यांनी हसून मान हलवली आणि आपलंच चालू ठेवलं, कारण ते मुळात आमच्यासाठी आलेच नव्हते. ते नवरीच्या बाडमेरकडच्या मूळ गावचे, तिच्या घराण्याचे पिढीजात गाणारे. स्वतः मुसलमान, यजमान राजपूत, आणि यजमानाकडे बाळ झालं, लग्न निघालं की यांनी गायचं आणि नेग, म्हणजे मानाची बिदागी, घ्यायचा हे कधीपासूनचं ठरलेलं. यांना स्टेजवर बसवून जगभर नेलं ते लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारींसारख्या लोकांनी, त्यांनी १९६० साली लेखक विजयदान देथांबरोबर बोरुंद्याला रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था काढली त्यानंतर. पण मांडवाच्या दारात सतरंजीवर बसून गाणं हे त्याच्या कितीतरी आधीचं.

मी अगदी पुढ्यात जाऊन बसले. खडताल म्हणजे शिसमाच्या चार पट्ट्या, एका हातात दोन, आणि त्या कशालाच बांधलेल्या नसतात, नुसत्या अंगठ्यात आणि बोटांत, तरी तो पोरगा त्या अशा काही थरथरवत होता की नजर ठरेना. शेजारी म्हातारे खांसाब, मांडीत कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, गोल पोटाला बकऱ्याचं कातडं, आतड्याच्या जाड तारा. आवाज गोड वगैरे अजिबात नाही, घोगरा, खरखरीत, पण एकदा कानात बसला की मग बाकीची वाद्यं पॉलिश केल्यासारखी वाटायला लागतात.

वरात दारात आली तेव्हा खांसाबांनी शुभराज सुरू केला, म्हणजे यजमानाच्या पूर्वजांची नावं आणि त्यांची तारीफ. नवरीकडची नावं धडाधड, कागद नाही, काही नाही. मग आमच्याकडे वळून मित्राच्या वडिलांना अदबीने विचारलं, "हुकुम, आपके दादोसा, परदादोसा?" काकांनी तीन पिढ्या फाडफाड सांगितल्या, कारण कन्यादानाच्या वेळी गुरुजी प्रपौत्र, पौत्र, पुत्र असं म्हणतात तेव्हा तेवढ्या लागतातच. "और ऊपर?" आणि तिथे आमची अख्खी वरात गप्प. मग एक आत्या म्हणाली मला माहितीय, दुसरी म्हणाली ते आपले नव्हेत, ते भावकीतले, मग गावाकडे फोन, तिकडे रेंज नाही, आणि खांसाब आपले शांतपणे तारेवर गज फिरवत थांबलेले. शेवटी एक खापरपणजोबा सापडले. घरात त्यांची ओळख एवढीच की बांधावरून त्यांनी जन्मभर कोर्टात भांडण चालवलं. पण खांसाबांनी ते नाव असं काही उचललं, वर नेलं आणि तिथे धरून ठेवलं की आता ते घोड्यावरून उतरतायत असंच वाटलं. काकांचे डोळे पाणावले, खोटं कशाला सांगू, माझेही.

मंगलाष्टकांचा तर कुणी विचारच केला नव्हता. मावशीने पहिलं कडवं सुरू केलं, तेच आपलं नेहमीच्या चालीतलं शार्दूलविक्रीडित, आणि दुसऱ्या कडव्यापासून कमायचा हळूच तिच्या मागे यायला लागला. मावशी एरवी तिसऱ्या ओळीत सूर सोडते (हे तिच्यासमोर बोलायचं नाही), त्या दिवशी शेवटपर्यंत धरून होती. त्यानंतर एका काकांनी स्वतः रचलेलं म्हटलं, वधूवरांची नावं, आडनावं, डिग्र्या सगळं कोंबलेलं. तेव्हा खांसाब गज मांडीवर ठेवून शांत बसले.

परत आल्यावर साताऱ्याला गोंधळ होता. धान्याचा चौक, त्यावर कलश, दिवटी पेटलेली, संबळ आणि तुणतुणं. गोंधळी तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी एकेकाला गोंधळाला या म्हणून हाक मारायला लागला आणि नवी सून माझ्या कानात म्हणाली, "ये भी शुभराज ही है ना?" मग मधल्या थांब्यात तिच्या सासूबाईंनी जाऊन गोंधळ्याला सांगितलं की सूनबाईंची कुलदेवी पण घ्या, बाडमेरकडच्या नागाण्याची नागणेची. त्याने आपल्या आयुष्यात हे नाव ऐकलेलं नसणार, पण दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि पुढच्या फेरीत जेजुरीनंतर सरळ बाडमेर. संबळ अजिबात अडखळला नाही. पोरीने व्हिडिओ कॉल लावून तिकडे ऐकवलं तर तिचे वडील पहिलं काय विचारतायत, तर यांचा नेग किती असतो.

काकांनी मात्र आता धसका घेतलाय. मोबाईलमध्ये पूर्वजांची यादी करायला घेतलीय, रविवारी रविवारी भावकीत फोन चालू असतात. पाचव्या पिढीपर्यंत गाडी आलीय, सहाव्या नावावर दोन चुलत्यांचं पटत नाहीये आणि विषय फिरून पुन्हा बांधावर जातोय.