ग्रेडचा रकाना कोराच

गाठ निघाली, टाके निघाले, रिपोर्टही आला. त्यात सगळं होतं: म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा, म्हणजे लाळग्रंथीचा एक कॅन्सर, आकार 1.8 सेंटिमीटर, कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सर नाही. नव्हती फक्त ग्रेड. त्या एका शब्दासाठी मी जेवढे हेलपाटे घातले तेवढे ऑपरेशनसाठीही घातले नाहीत.

सुरुवात साधीच होती. कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ, दुखत नव्हती, म्हणून मी सहा महिने अक्कलदाढेच्या माथी मारली. असं करू नका. डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला, दात दाखवायला, भुवया उचलायला लावलं. मला हसू आलं, पण चेहऱ्याची नस कानाजवळच्या या लाळग्रंथीच्या आतून जाते आणि चेहरा एका बाजूला ढिला पडला तर गाठ वाईट असल्याची ती मोठी खूण असते. गाठ भराभर वाढणं, दुखणं, कातडीला चिकटणं, मानेत गाठी येणं, याही तशाच खुणा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, तरी तो कॅन्सरच निघाला. म्हणजे खुणा नाहीत म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. मात्र या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, हेही तितकंच खरं.

सुईने काढलेल्या पाण्याच्या तपासणीत नुसतं 'संशयास्पद' आलं. ऑपरेशन ठरलं, झालं.

मग तो रिपोर्ट. रेडिएशनवाल्या मॅडमनी तो उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "ग्रेड कुठंय?" मी रुबाबात सांगितलं, "पहिली स्टेज." त्या शांतपणे म्हणाल्या, "स्टेज म्हणजे गाठ किती मोठी आणि कुठवर पसरली. ग्रेड म्हणजे पेशी कशा वागतायत. मला ग्रेड हवी, त्यावर रेडिएशन द्यायचं की नाही हे अवलंबून आहे." ते द्यायचंच असेल तर शक्यतो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात. माझे अडीच आठवडे गेलेच होते.

लॅबच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "रिपोर्ट फायनल आहे." दुसऱ्या दिवशी, "साहेब सुट्टीवर." तिसऱ्या दिवशी, "अर्ज द्या." अर्ज दिला, तर तो सर्जनच्या सहीशिवाय चालत नाही म्हणाले. सर्जन ऑपरेशनमध्ये. त्या बाकावर बसून मी स्वतःच्या गालाची गाठ नसलेली जागा दिवसातून पन्नासदा चाचपली असेल. आठव्या दिवशी सही मिळाली आणि नवव्या दिवशी शेवटी पॅथॉलॉजिस्ट स्वतः भेटले. ते इतकं नीट बोलले की चिडायचंही राहून गेलं.

त्यांनी सांगितलं, या कॅन्सरला गुण देऊन ग्रेड ठरवण्याची एक पद्धत आहे. गाठीतला पोकळ, द्रव भरलेला भाग 20 टक्क्यांहून कमी असेल तर 2 गुण. नसेच्या आजूबाजूला शिरकाव असेल तर 2. मेलेल्या पेशींचे पट्टे दिसले तर 3. सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या दृश्यांत मिळून चार किंवा जास्त पेशी विभागताना दिसल्या तरी 3. पेशींचा मूळ चेहराच हरवला असेल तर 4. बेरीज 4 पर्यंत लो, 5 ते 6 मध्यम, 7 पासून हाय. माझ्या गाठीचे थोडेच तुकडे पाहिले गेले होते, म्हणून उरलेल्या भागातून आणखी ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवलेले तुकडे, करायचे होते. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी बाकावर इतका रक्तदाब वाढवला नसता.

मधेच आठवलं: दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका. स्लाइड आणि मेणातले ब्लॉक दोन्ही मागून घ्या, पावतीसकट. आणि रिपोर्ट हातात पडताच तिथेच उभं राहून ग्रेड, कडा, नसेतला शिरकाव आणि लसिकाग्रंथी, हे चार शब्द शोधा. एखादा नसेल तर काउंटर सोडू नका.

पंधराव्या दिवशी पुरवणी रिपोर्ट आला. गाठ बरीचशी भरीव, म्हणून 2 गुण. बाकी चारही ठिकाणी शून्य. लो ग्रेड. मॅडम म्हणाल्या, "रेडिएशन नको, तपासणीला मात्र येत राहा."

कानाची पाळी अजून बधिर आहे. त्या भागातली संवेदनेची नस ऑपरेशनमध्ये दुखावते, हेही मला नंतरच कळलं.