नऊ गावांची यादी आणि आईचा गुडघा

इटलीच्या सहलीसाठी केलेल्या माझ्या पहिल्या यादीत अकरा रात्रींत नऊ गावं होती. आईने ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “आपण तिथं जनगणनेला चाललोय का गं?”

मग कात्री लावली. मिलानला उतरून थेट बोलोन्या, तिथे चार रात्री, लुक्कात चार, शेवटी रोमला तीन. व्हेनिस खोडताना जीव वरखाली झाला. पण आईच्या गुडघ्याला घेऊन दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या, हे काही झेपणारं नव्हतं.

इटलीतल्या गाड्यांचं गणित एकदा कळलं की आखणी सोपी होते. फ्रेच्चारोस्सा, इतालो या वेगवान गाड्यांना आरक्षण लागतं, आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडू शकतं. ‘रेजोनाले’ म्हणजे आपली पॅसेंजर. भाडं ठरलेलं, त्यामुळे आयत्या वेळी तिकीट काढलं तरी तेवढंच. म्हणून मुक्काम बदलायचे तेवढे प्रवास घरूनच बुक केले, बाकी रोज कुठे जायचं ते कॉफी पिताना ठरवायचं. रेजोनालेचं कागदी तिकीट स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. हे खातं आईने स्वतःकडे घेतलं. शिक्का उमटला की तिकीट उजेडात धरून तारीख वाचायची, मगच गाडीत पाऊल.

बोलोन्या मी निवडलं ते जंक्शन म्हणून, आईला आवडलं ते छपरांमुळे. रस्त्यांच्या कडेने कमानींचे झाकलेले पदपथ, सगळे मिळून ६२ किलोमीटर. २०२१ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले. ऊन असो, पाऊस असो, छत्री बॅगेतच. सान लुकाच्या टेकडीवर जाणाऱ्या वाटेला ६६६ कमानी आहेत. आम्ही सपाटीचा भाग संपतो तिथपर्यंत गेलो आणि टेकडीला खालूनच नमस्कार केला. स्टेशनवर एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं दिसतं. २ ऑगस्ट १९८०ला तिथे बॉम्बस्फोट होऊन ८५ माणसं गेली, ती ही वेळ. त्या घड्याळाखालूनच रोज गाडी पकडायची होती. आई पहिल्या दिवशी थबकली, मग रोजच थबकू लागली.

एका सकाळी रावेन्ना निघालं. रेजोनालेने तासाभराहून थोडं जास्त. गाल्ला प्लाचीदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाची समाधी बाहेरून अगदी साधी, विटांची. आत शिरल्यावर आधी काहीच दिसेना. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ फरश्या, त्यातून मधासारखा उजेड झिरपतो. डोळे सरावले तसं वर गडद निळं आकाश आणि सोनेरी तारे उमटत गेले. पाचव्या शतकातलं मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र! आईने मान वर केली ती खाली घेईना. गुडघ्याचं ठीक, आता मानेचं बघावं लागणार, असं मला वाटलं.

लुक्काच्या वाटेवर बोलोन्याहून फिरेन्झेला (म्हणजे फ्लॉरेन्सला) जाताना आपेनाइन डोंगर दिसतील म्हणून खिडकीच्या जागा घेतल्या होत्या. चांगलीच फजिती झाली. त्या वेगवान मार्गाच्या ७८ किलोमीटरपैकी ७३ बोगद्यात आहेत! जुना घाटमार्ग पोर्रेत्तावरून जातो, तो १८६४चा. आपला बोरघाट १८६३चा. पुण्याच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

लुक्कात तिसऱ्या दिवशी पिसा ठरवलं आणि स्टेशनवर ‘शोपेरो’ हा शब्द भेटला. संप. फलकावर गाड्या एकेक करून रद्द. कॉफीवाल्याने समजावलं, कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. घड्याळात सव्वानऊ!

मग गावाच्या तटावर गेलो. चारेक किलोमीटरचा तट, वर रुंद रस्ता आणि झाडं, सायकलवर पोरं. बाकावर बसून बुच्चेल्लातो खाल्ला, मनुका घातलेला तिथला गोडसर पाव. आईने तुकडा नाकाशी नेला. “बडीशेप आहे गं यात!” पुढचे दोन तास त्या पावाने आणि पलीकडच्या बाकावरच्या आजींनी खाल्ले. भाषा एक नाही, तरी दोघींचं गुडघ्यांवर एकमत झालं.

सहानंतरची पहिली गाडी मिळाली. पिसा सान रोस्सोरेला उतरलो, तिथून मनोरा जवळ पडतो. जूनमधलं ऊन अजून रेंगाळत होतं, गर्दी पांगलेली. आईने मनोऱ्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, पर्समधून परतीचं तिकीट काढलं आणि म्हणाली, “चल, नऊच्या आत गाडी पकडायचीय. आणि शिक्का राहिलाय.”