चिंचोक्यांची बरणी

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज पुन्हा बरणीवरून रडारड. ओट्यावर लोणच्याची रिकामी बरणी आहे, तीत चिंचोके. सांगितलेलं काम लेकाने केलं की त्याच मिनिटाला त्याला एक चिंचोका. दहा झाले की बाबांबरोबर सापशिडी. "शहाण्यासारखा वागलास तर रविवारी बागेत नेईन" हे आमिष आमच्याकडे चालत नाही. त्याच्या लेखी रविवार फार लांब असतो. तर आज मी रागाच्या भरात त्याचे कमावलेले तीन चिंचोके काढून घेतले. कमावलेलं काढायचं नाही, असं आम्ही त्याला ज्यांच्याकडे नेतो त्या मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

चिडले कशावरून? शाळेतून आल्या आल्या मीच एका दमात म्हणाले, "बूट जागेवर ठेव, हातपाय धू, डबा बेसिनमध्ये टाक आणि डायरी दाखव." चिरंजीव बूट न काढताच डायरी घेऊन हजर! शेवटचं तेवढं डोक्यात उरलं होतं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं मनात धरून ठेवणं जड जातं, एका वेळी एकच काम सांगायचं, हे मला वर्षभर पाठ आहे. पाठ असून उपयोग काय!

गणिताला मात्र मजा आली. घाईघाईने वागणाऱ्या मुलांना स्वतःशी बोलायला शिकवायची ही पद्धत मायकेनबाम आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडली. आधी आपण बोलत बोलत करून दाखवायचं, मग मुलाने मोठ्याने, मग पुटपुटत, शेवटी मनातल्या मनात. आम्ही अजून मोठ्यानेच आहोत. बावन्न वजा अडतीस. "काय करायचंय? वजा. दोनातून आठ... थांब, जात नाहीत. दशक उसना घे. बारातून आठ गेले, चार." 'थांब' म्हणताना पेन्सिल खरंच थांबली.

"कुणाशी बोलतोय गं?" आतून सासूबाई.

"स्वतःशी."

"याचा बापही असाच होता. आम्ही नाही कुठल्या मॅडमकडे नेलं."

त्या बापाच्या गाडीची किल्ली आज सकाळी फ्रिजमध्ये सापडली, हे मी बोलले नाही.

वहीतलं हे 'थांब' वर्गात आपोआप पोचत नाही, असं पुढच्या अभ्यासांतही दिसलं. आमच्याकडे तर डायरीत आजही 'जागेवर बसत नाही' आहेच.

आत्ता तो झोपलाय असं समजून चिंचोके परत बरणीत टाकले. टक, टक, टक.

"चार होते, आई."

तीन की चार, मलाच आठवेना. चौथा टाकला.