षड्जाविना सप्तक

रविवार, रात्री साडेअकरा

गेले तीन आठवडे जाझमधले अल्टर्ड स्केल (सात स्वरांची एक ठरावीक ओळ) माझ्या हाताखालून जात होते, पण कानात काही शिरत नव्हते. बोटांना ते पाठ होते: पांढरी पाचवरून निघायचे, काळी चार, काळी पाच, पांढरी सात, मग वरच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन, पांढरी चार आणि पुन्हा पांढरी पाच. (पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे ए फ्लॅट, ही नावे आता मला येतात, पण लहानपणी पेटीवर बसलेल्या हाताला अजूनही काळी-पांढरीच आधी सुचते.) पुस्तकी व्याख्याही तोंडपाठ होती. डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे घरच्या स्वराकडे ओढ असलेले, एकत्र वाजणारे चार स्वर. तिचा मूळ स्वर, तिसरा आणि सातवा एवढे तीन जागेवर ठेवायचे आणि पाचवा व नववा हे दोन्ही स्वर एकदा उतरवून, एकदा चढवून घ्यायचे. जे बदलता येईल ते सगळे बदलले, म्हणून ‘अल्टर्ड’.

चूक माझ्या सवयीची होती. रियाझाला बसताना तंबोऱ्याचे ॲप सुरू केल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि स्केल पांढरी पाचवरून निघते म्हणून मी तंबोराही पांढरी पाचलाच लावत होते. त्यामुळे जे ऐकू येई ते एखाद्या फसलेल्या रागासारखे होते: रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद कोमल, दोन्ही गंधार एकमेकांना खेटून, आणि ज्या स्केलमध्ये पंचमच नाही त्याच्यामागे तंबोरा अखंड पंचम वाजवतो आहे. दोन गंधार जोग रागातही असतात, पण तिथे त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या असतात. इथे मी नुसतीच वरखाली धावत होते.

आज जाझ शिकवणाऱ्या सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, पण ह्यात तुमचा सा कुठे आहे?” मी पांढरी पाच दाखवली. त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने खाली पांढरी एक, म्हणजे सी, वाजवली. “ही जी सेव्हन, जीवरची डॉमिनंट कॉर्ड, कुठे जायला निघाली आहे? सी मायनरकडे. मग घर इथे आहे.”

घरी येऊन तंबोरा पांढरी एकला लावला आणि तेच सात स्वर नव्या षड्जावरून मोजले. कोमल रिषभ, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद आणि शुद्ध निषाद. म्हणजे सरळ भैरवीचे स्वर, फक्त षड्ज काढून घेतलेला आणि त्याच्या उंबरठ्यावर शुद्ध निषाद उभा केलेला! तीन आठवडे ज्याला मी परके समजत होते, त्यातला एकेक स्वर माझ्या ओळखीचा निघाला. ह्या स्केलचा ताण विचित्र स्वरांमुळे येतो असे मी समजत होते. आता वाटते की निम्मा ताण त्या रिकाम्या ठेवलेल्या जागेचा आहे. म्हणूनच काळी एक, पांढरी सात आणि मग पांढरी एक, असा षड्जाला दोन्ही बाजूंनी घेरून केलेला शेवट इतका पक्का लागतो. उलट, जी सेव्हन पुढे कुठे जाणारच नसेल, तर हे स्वर वाजवून उगाच उसनी बेचैनी आणल्यासारखे होते.

पुस्तकात हेच स्केल ए फ्लॅट मेलडिक मायनर ह्या स्केलचा सातवा मोड, म्हणजे त्याचेच स्वर सातव्यापासून मोजलेले, म्हणून दिले आहे. आपल्याकडची मूर्च्छनेची कल्पना ज्याला ठाऊक आहे त्याला ह्यात नवल नाही: काळी चारला षड्ज मानून पटदीप रागाचे सात स्वर घ्या आणि निषादापासून मोजायला लागा. पटदीपचा तो शुद्ध निषाद मला नेहमीच अस्वस्थ करत आला आहे; त्यालाच आधार करून बसायचे, हे मात्र मला कधी सुचले नसते.

शेवटी सरांनी एक गंमत दाखवली होती, ती आत्ता दहा वेळा करून पाहिली. डाव्या हातात पांढरी सात, काळी दोन, पांढरी चार, काळी पाच असे चार स्वर धरायचे. खाली पांढरी पाच वाजवली की तीच अल्टर्ड कॉर्ड, कुरकुरणारी. हात तसाच ठेवून खाली फक्त काळी एक वाजवली की ती डी फ्लॅट थर्टीन्थ कॉर्ड होते, ऐसपैस आणि निवांत. वरचे चार स्वर जागचे हललेले नसतात. दोन्ही कॉर्डमध्ये पांढरी सात आणि पांढरी चार ही जोडी तिसरा आणि सातवा म्हणूनच राहते, फक्त दोघी आपापली भूमिका बदलतात. बेबॉप ह्या जाझशैलीच्या काळापासून जाझ वादक एका कॉर्डच्या जागी दुसरी सर्रास घेत आले आहेत ते ह्याच जोरावर, आणि मग बासला, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराला, काळी एकवरून पांढरी एकवर अर्ध्या स्वराची एक पायरी उतरून घरी जाता येते.

उद्यापासून पूर्ण स्केल वरखाली वाजवणे बंद. बारा बारांच्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट) सी ब्लूजमध्ये फक्त चौथ्या बारला, जिथे सी सेव्हन एफकडे वळते, तिथे तीन किंवा चार अल्टर्ड स्वर घ्यायचे आणि पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेला एफ सेव्हनच्या एखाद्या स्वरावर उतरायचे. तंबोरा कुठे लावायचा हा प्रश्न तिथे पुन्हा येणारच आहे, कारण त्या एका बारपुरता षड्ज पांढरी चारवर जातो. उद्या ॲप बंद ठेवूनच बसेन म्हणते.