प्लॉट बघायला निघालो, माळीणला जाऊन आलो

मित्राला डिंभे धरणाच्या बाजूला डोंगरउतारावर प्लॉट घ्यायचा होता, महिनाभर "अरे व्ह्यू बघ नुसता" ऐकून शेवटी ऑक्टोबरातल्या एका रविवारी गेलो. पुण्यातून सहाच्या आत निघा नाहीतर चाकणलाच अर्धा दिवस जातो. मंचरहून डावीकडे घोडेगाव, पेट्रोल तिथेच भरून घ्या, पुढे भरवसा नाही आणि नेटवर्क पण येतं-जातं.

प्लॉट भारीच, खाली सगळं पाणी, पलीकडे डोंगर. पण मागे वळून बघितलं आणि पोटात गोळा आला. उतार जेसीबीने उभा कापून जागा सपाट केलेली, पाठीमागे दोन पुरुष उंच तांबडा-पिवळा कट, बोटाने उकरलं तर मुरूम भसाभस खाली येतोय. आणि निघालेला सगळा मुरूम ढकलून दिलेला खाली, तो पण बरोब्बर ओढ्याच्या तोंडात. एजंट म्हणतो, एक-दोन पावसाळे गेले की माती बसते साहेब. बसते की, पण कुठे जाऊन बसते हे दाखवायला मी मित्राला तिथूनच माळीणला नेलं.

डिंभ्याहून भीमाशंकरचा रस्ता सोडून आत जायचं, विचारत जा, सगळे सांगतात. 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगराचा अख्खा कडा गावावर आला, 151 माणसं गेली. बाहेर कळलं कसं, तर एसटीचा ड्रायव्हर रोजच्यासारखा गाडी घेऊन आला आणि गाव जागेवर नव्हतं. आता तिथे स्मारक आहे, झाडं लावलीयेत. शाळेची इमारत वाचली होती. वर बघितलं तर डोंगराचा ओरखडा अजून कळतो, मधे हिरवळ आलीये तरी.

आदल्या दिवशी पाऊस प्रचंड होता हे खरंच, पाऊस नसता तर त्या दिवशी काही झालं नसतं. पण असा पाऊस त्या पट्ट्यात नवा नाही ना. इथले महादेव कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या पडकई करायचे, म्हणजे सगळ्यांनी मिळून उतारावर हाताने भातखाचरं पाडायची, दगडाची ताल (बांध) रचायची, पाण्याला वाट ठेवायची. नंतर तेच काम मशीनने व्हायला लागलं, आणि मशीन एका दिवसात जेवढं कापतं तेवढं माणसं दोन हंगामात कापत नाहीत. खाली कातळ, त्यावर मुरूम-माती. वरची झाडं गेली की मुळांची पकड जाते, सपाट केलेल्या जागेत पाणी तुंबतं आणि आत मुरतं, माती फुगून जड होते, त्यात पायथा कापलेला असला तर तिला अडवायला खाली काहीच नाही. माळीणला नेमका किती वाटा कशाचा यावर वाद झाले, होऊ देत. मला तो मघाचा कट डोळ्यासमोरून जात नव्हता.

चहाच्या टपरीवरचे आजोबा म्हणाले, "डोंगराला चीर पडली का आधी जनावरं बिचकत्यात, मानसाला उशिरा कळतं." जनावरांचं माहीत नाही, पण चीर बघा हे खरं.

जाणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये नकोच, रेड अलर्ट असेल तर घरी भजी खा. सप्टेंबर संपल्यावर जा, भात पिवळं होत असतं. गाडी कापलेल्या डोंगराखाली लावू नका, सावली असली तरी. घाटात झाडं नाहीतर विजेचे खांब कलंडलेले दिसले, रस्त्याला आडवी भेग दिसली, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा भर पावसात अचानक कमी झालं (वर कुठेतरी अडलंय!), तर फोटो काढत थांबू नका, मागे फिरा. स्मारकावर आवाज कमी ठेवा, सेल्फी नको प्लीज, तिथे येणाऱ्यांची स्वतःची माणसं खाली आहेत. येताना आमडे गावाजवळ नवीन माळीण लागतं, पक्की घरं, 2017 मध्ये लोक तिथे राहायला गेले, पण ते काही टुरिस्ट स्पॉट नाही, लोकांच्या दारात डोकावत फिरू नका.

जेवण घोडेगावला, पिठलं-भाकरी, ठीकठाक.

परत येताना मित्र मंचरपर्यंत गप्प होता. नारायणगावला जाऊन मिसळ खाऊ म्हटलं तरी नको म्हणाला. परवा त्याचा मेसेज, एजंट गुंठ्यामागे पन्नास हजार कमी करतोय, काय करू?