आमची वाटचाल: दहाच्या आतलं दुकान

सांगलीच्या मावशीला अजून वाटतं की मी कॅलिफोर्नियात पेपर-मासिकांचं दुकान चालवतो. चूक माझीच, सुरुवातीला फोनवर "मॅगझिन्स वगैरे विकतो" एवढंच सांगितलेलं, ती खूश, म्हणाली दिवाळी अंक पण ठेव हो.

तर आमचं मॅगझिन म्हणजे पिस्तुलात खालून सरकवतात तो डबा, आत एक स्प्रिंग, ती गोळ्या वर ढकलते, बास. पण याच डब्यावर आमच्या दुकानाचं गणित कितीदा बदललं ते सांगतो. फ्रेस्नोजवळ दुकान टाकलं तेव्हा फेडरल लायसन्स, राज्याचं वेगळं, शहराचं वेगळं, सगळी कागदपत्रं बायकोने सांभाळली (आजही तीच सांभाळते, मी फक्त काउंटरवर गप्पा मारतो). आजोबांकडे गावी बाराबोअर होती, इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायला लागायची, त्यामुळे सरकार बंदुकीत लक्ष घालणार याचं मला कधी नवल वाटलं नाही. इथल्या गिऱ्हाइकांना मात्र फार वाटतं, शस्त्र बाळगायचा हक्क देणारी अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती तोंडपाठ असते एकेकाला.

कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायला २००० पासूनच बंदी. ग्लॉक १७ पिस्तुलाला कंपनीचं सतरा गोळ्यांचं येतं, आम्ही दहाचंच देणार. मग २०१६ ला लोकांनी मतदान करून प्रपोझिशन ६३ पास केलं, म्हणजे आधीपासून घरात असलेलं सुद्धा ठेवायचं नाही, १ जुलै २०१७ पासून. त्याच्या दोनच दिवस आधी सॅन दिएगोचे जज बेनिटेझ यांनी स्टे दिला. लोक मला फोन करून विचारायचे आता डब्याचं काय करू, जसा काय मीच कोर्ट!

आणि मग २९ मार्च २०१९, शुक्रवार. त्याच जजनी विक्रीबंदी पण उडवली. दुकानात माल शून्य, कारण विकताच येत नव्हता तर ठेवणार कशाला? शनिवारी सकाळी दारात रांग, आम्ही डिस्ट्रिब्युटरला फोनवर फोन, तोपर्यंत बाहेरच्या राज्यातल्या ऑनलाइनवाल्यांनी सगळा बाजार मारलेला. गिऱ्हाइकांचे पैसे भरलेले तेवढे डबे कसेबसे वेळेत हातात दिले. गुरुवारी जजनीच ऑर्डर काढली, शुक्रवार ५ एप्रिल संध्याकाळी पाचपर्यंतच विक्री, त्या आठवड्यात घेतलं त्यांना त्रास नाही. शेल्फसाठी मागवलेले चाळीस डबे सोमवारी आले. परत पाठवले तर डिस्ट्रिब्युटरने वर चार्ज कापला, तो आकडा बायको अजून विसरलेली नाही आणि मलाही विसरू देत नाही.

त्यानंतर कोर्टाचा झोपाळाच. २०२० ला अपिलात बंदी गेली, २०२१ ला मोठ्या बेंचने परत आणली, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन केसमध्ये नवी कसोटी दिली की बंधनाला इतिहासात आधार दाखवा आणि ही मॅगझिनची केस खाली परत पाठवली, २०२३ ला बेनिटेझनी बंदी पुन्हा उडवली, मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटने (म्हणजे तेच वरचं अपील कोर्ट) ७-४ ने पुन्हा कायम केली. त्यांचं म्हणणं, मोठं मॅगझिन हे 'शस्त्र' नाहीच, आणि असलं धरलं तरी जुन्या काळी गनपावडर साठवण्यावर, आपोआप उडणाऱ्या सापळ्याच्या बंदुकांवर बंधनं होतीच की. माझं गिऱ्हाईक म्हणतं डब्याशिवाय पिस्तूल म्हणजे पेपरवेट. मला दहाच का, बारा का नाही हे कोणी नीट पटवलेलं नाही, पण शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली की "स्टँडर्ड कपॅसिटी आहे हो" (म्हणजे मोठं नाही, कंपनीचं नेहमीचंच) म्हणताना माझीच जीभ अडखळते.

आम्ही मात्र एक ठरवलं, कोर्टाच्या निकालावर माल मागवायचा नाही. आता साफसफाई, रिपेअर, नवशिक्यांचे सेफ्टी क्लासेस यावर दुकान चालतं. आत्ता टेबलावर दहाची तीन मॅगझिन्स पडलीयेत, स्प्रिंग मेलेल्या, गिऱ्हाईक शनिवारी न्यायला येणारे.