पान १२, पान १३

नवरात्राआधीची आवराआवर म्हणून परवा दुपारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि संध्याकाळपर्यंत दुसरे काहीच आवरून झाले नाही, कारण पेटीच्या अगदी तळाशी ते २४ पानांचे पुस्तक निघाले. त्याचे मुखपृष्ठ केव्हाच गेलेले आहे. त्यामुळे पुस्तकाचे नाव काय, लिहिले कोणी, चित्रे कोणाची, यांपैकी काहीही मला आज सांगता येणार नाही. आमच्या घरात ते ‘छत्रीचे पुस्तक’ म्हणूनच ओळखले जाई. एक म्हातारी काखेत काळी छत्री मारून बाजाराला निघते, तिथे ते सुरू होते. पान १४ वर ती ओलीचिंब होऊन, पण भलत्याच आनंदी चेहऱ्याने घरी परतते, तेव्हा तिच्या काखेत छत्रीच्या जागी एक बदक असते. मधे जे काही घडले ते पान १२ आणि १३ वर आहे आणि ती दोन्ही पाने वरणाने एकमेकांना चिकटलेली आहेत.

हे वरण तिथे कसे पोहोचले, ते लहान मूल असलेल्या घरात कोणी विचारणार नाही. लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. चिऊचा घास आणि काऊचा घास यांची सद्दी संपली होती, कारण चिऊ आणि काऊ प्रत्यक्षात जेवायला येत नाहीत हे तिच्या ध्यानात आले होते. त्यामुळे एका घासाला एक पान, असा नवा करार आमच्यात झाला होता. पुस्तकाच्या बरोबर मधोमध, जिथे पिन असते आणि पुस्तक आपोआप सपाट पसरते, त्या जागी वाटी कलंडली. मी घाईघाईने पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि लादी पुसली. पुस्तक पुसायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर त्या दोन पानांमुळे मधे एक जाडजूड पुठ्ठा तयार झाला होता. तुरीच्या डाळीतली ही ताकद पुस्तकबांधणीवाल्यांच्या नजरेला अजून कशी आली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

त्या रात्री पुस्तक पुन्हा वाचायला घेतले आणि पान ११ संपल्यावर माझ्या लक्षात आले, की मधल्या दोन पानांवर काय होते ते मला मुळीच आठवत नाही. तोवर ते पुस्तक मी निदान वीस वेळा मोठ्याने वाचले असेल. पण मुलासाठी मोठ्याने वाचणारा माणूस स्वतः ते वाचत असतोच असे नाही. त्याचे तोंड म्हातारीबरोबर बाजाराला गेलेले असते आणि डोके उद्या भरायच्या वीजबिलापाशी असते. लेकीने मात्र तिचा नेहमीचा शब्द उच्चारला : “पुढे?” मी सांगून टाकले, की सोसाट्याचा वारा आला, छत्री उलटी झाली, ती नदीत पडून होडीसारखी वाहू लागली आणि तिच्यात एक बदक येऊन बसले. छत्री बदकाला देऊन टाकली, तर बदकाने म्हातारीबरोबर घरी का यावे, हा प्रश्न तिने लगेच विचारला. बदकाची आई कुठे होती, हा दुसरा. मला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सगळी हकिकत बदलली.

गंमत अशी, की छापलेल्या मजकुराच्या बाबतीत हीच मुलगी एखाद्या कारकुनासारखी काटेकोर होती. पान ३ वर ‘थैली’ असा शब्द आहे. मी एकदा चुकून ‘पिशवी’ म्हटले, तर तिने मला थांबवून ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. तिला अक्षरओळखही नव्हती. झोप येत असली, की मी दोन पाने एकदम उलटून पाहत असे. तेही दर वेळी पकडले जाई आणि शिक्षा म्हणून पुस्तक आरंभापासून वाचावे लागे. पण १२ आणि १३ या दोन पानांपुरता तिचा कायदा नेमका उलटा होता. तिथे कालचीच गोष्ट सांगितलेली तिला चालत नसे. “ही झाली,” असे म्हणून ती नवी मागत असे. त्या छत्रीचे मी काय काय केले! ती माकडाने पळवली, तिच्यात चिमणीने घरटे केले, ती बाजारात एका भटजींनी नारळाच्या बदल्यात घेतली. एकदा तर मला इतकी झोप आली होती, की म्हातारी छत्री बसमध्येच विसरली असे मी सांगितले. पण ती पान १ पासून चालतच निघालेली आहे, हे मला ताबडतोब ऐकावे लागले.

पान उलटण्याचा हक्क मात्र कायम तिचाच होता. चित्रांची पुस्तके करणाऱ्यांना या हक्काची चांगली जाणीव असते. छापखान्यात मोठा कागद घडी घालून १६ पानांचा फर्मा पडतो, म्हणून अशी पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, आणि तेवढ्या मोजक्या पानांत कोणते वाक्य उजव्या पानाच्या शेवटी अर्धवट सोडायचे, हे मोठ्या विचाराने ठरवलेले असते. दारामागे कोण उभे होते, ते पान उलटल्याशिवाय कळता कामा नये. घरी मात्र त्या विचाराचे काय होते, ते आपण जाणतोच. दार अजून वाजलेलेही नसते, आपण ‘तेवढ्यात’ या शब्दापर्यंत पोहोचलेलो असतो, आणि एक लहानसा, किंचित ओलसर हात ते पान उलटून मोकळा झालेला असतो. मग उरलेले वाक्य आठवणीने म्हणावे लागते. अक्षरे मोठ्यांची आणि पाने मुलांची, अशी ही वाटणी आहे, आणि ती कोणी लिहून ठेवलेली नसली तरी मोडलेली मी पाहिलेली नाही.

आमच्या लहानपणी मात्र पान उलटण्याचा हक्क आईकडे होता, कारण ऐकणारे आम्ही चौघे होतो आणि ‘चांदोबा’ एकच होता. १९४७ च्या जुलैमध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेले ते मासिक १९५२ मध्ये मराठीत आले, त्यामुळे आमच्यापर्यंत पोहोचेतो ते चांगलेच मुरलेले होते. वडील ते एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून आणत. उन्हाळ्याच्या सुटीत दुपारची जेवणे झाली, की आई ओल्या फडक्याने लादी पुसून घेत असे, त्या गार लादीवर उताणी पडून मासिक दोन्ही हातांनी डोळ्यांपुढे धरत असे आणि आम्ही तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन असे पडत असू. पहाटे पाचपासून उभी असलेली ती बाई तिसऱ्या पानाच्या पुढे सहसा जागी राहत नसे. पण झोप लागली तरी तिचे वाचन थांबत नसे, हे विशेष. आवाज थोडा जड होई आणि राजा प्रधानाला गंभीरपणे विचारी, “गॅसचा नंबर लावला का?” राजकन्येने स्वयंवराच्या दिवशी साबुदाणा भिजत घातल्याचेही मला आठवते. आम्ही हसून हसून लोळू लागलो, की ती दचकून जागी होई, “काय झाले?” असे विचारी आणि बोटाने ओळ शोधून पुन्हा वाचायला लागे. ‘चांदोबा’तल्या किती गोष्टी ‘चांदोबा’तल्या होत्या आणि किती आईच्या झोपेतल्या, याचा निवाडा आम्हा भावंडांत आजही होऊ शकलेला नाही.

त्यातही विक्रम-वेताळाचे पान आले, की सगळे उठून बसत. चित्रकार शंकर यांच्या चित्रातला, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला तो राजा आमच्या पिढीला आपल्या दूरच्या नातेवाइकांपेक्षा अधिक परिचयाचा होता. मूळ वेताळपंचविशीत गोष्टी पंचवीसच. ‘चांदोबा’तल्या वेताळाने ती संख्या केव्हाच ओलांडली आणि तरी राजाला त्याचा कंटाळा आला नाही. उत्तर माहीत असून दिले नाही तर डोक्याची शकले होणार आणि दिले तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार, ही त्याची अडचण मला खऱ्या अर्थाने समजली ती मात्र बाप झाल्यावर. फरक इतकाच, की आमच्याकडे गोष्ट सांगायची तीही ओझे वाहणाऱ्यानेच. मांडीवर बसलेला वेताळ फक्त प्रश्न विचारीत असे, आणि बदकाच्या आईविषयीचा प्रश्न, कितीही समाधानकारक उत्तर दिले तरी, दुसऱ्या रात्री त्याच झाडावर लटकत असे.

वडील सहसा वाचून दाखवीत नसत. त्यांचा आवाज मुळात कचेरीतला होता. अपवाद फक्त ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ही माहिती ते दर वर्षी प्रारंभी नव्याने देत आणि मग एका रात्री एकच रात्र वाचत. त्या पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटले आहे आणि अशा रात्री ४२ आहेत. म्हणजे सुटी लागल्याच्या दिवशी सुरुवात केली, तर शाळा उघडायच्या सुमारास शेवट येई. ते अतिशय सपाट, आवाजात चढउतार न आणता वाचत, आणि एखाद्या ठिकाणी, वाक्याच्या मधेच, थांबत. चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने तो पुसत. बराच वेळ पुसत. आई उठून स्वयंपाकघरात जाई, आम्ही छताकडे पाहत असू आणि दिव्याचा उजेड आज कमी आहे असे कोणीतरी म्हणत असे.

त्यामुळेच की काय, साभिनय वाचणाऱ्यांचा मला आजही धसका आहे. वाघाचा वेगळा आवाज, सशाचा वेगळा, म्हातारीचा थरथरता, आणि या सगळ्यांत स्वतःवर खूश असलेला वाचणाऱ्याचा चेहरा. मूल मग गोष्टीकडे न पाहता त्या माणसाकडे पाहू लागते. त्याहून वाईट म्हणजे पुस्तक मिटता मिटता “मग यातून आपण काय शिकलो?” असे विचारणारे. एका स्नेह्यांच्या घरी असा प्रश्न आल्यावर त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाने “काही नाही,” असे उत्तर दिले होते, आणि परत निघताना मी त्या मुलाशी हस्तांदोलन केले.

परवाच्या दुपारकडे परत येतो. पेटी तशीच उघडी पडली होती आणि मी स्वयंपाकघरातली सुरी आणून पान १२ आणि १३ यांच्या कडेला तिचे टोक सारून पाहत होतो. वाफेवर धरले तर सुटतील, असेही मनात येऊन गेले. बोटभर फट पडली. आत निळे काहीतरी दिसले. ते आभाळ होते, नदी होती की म्हातारीचे लुगडे, हे कळायला मार्ग नव्हता. इतक्यात लेक क्लासहून आली. ती आता अकरावीत आहे, तिची पुस्तके माझ्या हाताला जड लागतात आणि त्यांतले मला काहीही वाचून दाखवता येत नाही.

“बाबा, फाडशील ते,” असे म्हणून तिने पुस्तक माझ्या हातून काढून घेतले. ती एकदा चाळेल, हसेल आणि चहा टाकायला जाईल, असे मला वाटले होते. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली, अगदी सपाट आवाजात, कसलेही चढउतार न करता. पान ३ वर ‘थैली’ हा शब्द आल्यावर तिने माझ्याकडे एकदा पाहून घेतले. म्हातारी शेत ओलांडून गेली, वडाखाली बसली, उठली, नदीच्या काठावर आली. पान ११ संपले. त्या जाड, पिवळसर पडलेल्या पानावरून तिने अंगठा फिरवला, पण ते उलटले नाही.

“पुढे?” ती म्हणाली.

माकड, चिमणी, भटजी, सगळे होऊन गेलेले होते. मला एकही नवी गोष्ट सुचेना. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागलो.